एका पेल्याची कॉफी

धारवाडात राहून कॉफीवर लेख लिहावयाचा म्हणजे थोडेसे धाडसच होय. हे गाव चहाचे. येथील कन्नड बोलीदेखील चहाला आपल्याप्रमाणे ‘चहा’च म्हणते, बेंगळूर-म्हैसूरकडील मंडळींप्रमाणे ‘टी’ म्हणत नाही. सकाळी सुभाष रोडवरून एक फेरी मारावी, तर दुकानांची दारे उघडण्यापूर्वीच चहाचे पेले हातोहात फिरू लागलेले दिसतात. तरीपण या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या माड्यांत अशीही घरे आहेत, की जेथे पहाटे पहिल्या प्रथम कॉफीचा वास दरवळतो. कोणाची सून मलनाडातली, कोणाचे वडील चिक्कमगळूरला नोकरीस होते, तर कोणी म्हैसूरला शिकून आलेले. आमच्या मावशींचे घर त्यांपैकीच एक.

मावशी आता एकट्याच असतात. घरात आठ माणसे होती तेव्हा त्यांचा मोठा पितळी फिल्टर रोज दोनदा भरला जाई. पुढे माणसे कमी झाली, मुलगा परदेशी गेला, काका वारले. मावशींनी लहान फिल्टर आणला, तोही एकट्या माणसाला मोठाच पडू लागला. उरलेला काढा—ज्याला सगळेजण डिकॉक्शन म्हणतात तो—दुपारपर्यंत कडवट होई, संध्याकाळी फेकावा लागे. शेवटी एके दिवशी त्यांनी फिल्टर घासून फडताळात ठेवून दिला आणि शेजारणीकडून येणाऱ्या चहावर समाधान मानले. “एका पेल्यासाठी कोण एवढा घोळ घालणार?” असे त्या म्हणत. ऐकणाऱ्याला ही लहानशी गोष्ट वाटेल. पण साठ वर्षांची सवय माणूस सहज सोडीत नाही, हे जाणणाऱ्याला त्यातले दुःख समजेल.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा झुरिकहून आला, तो एक यंत्र घेऊन. शिवणयंत्राच्या डोक्याएवढे त्याचे आकारमान, मागे पाण्याची टाकी, पुढे एक दांडा आणि वर दोन बटणे. बरोबर रंगीबेरंगी धातूच्या शंभर लहान डब्या. स्वित्झर्लंडातील वीज आपल्याप्रमाणेच २३० व्होल्टची व सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे केवळ प्लगचे पाय तेवढे बदलावे लागले. डबी आत टाकावी, दांडा खाली ओढावा, बटण दाबावे. अर्ध्या मिनिटात पेल्यात एका माणसापुरती कॉफी! मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवितो. तेव्हा “हे आत काय करते ते मला नीट सांग बघू,” अशी आज्ञा मावशींनी मला केली, यात नवल नाही. त्यांना जे सांगितले, आणि त्यानंतर आम्ही जे करून पाहिले, तेच येथे लिहितो.

प्रथम कॉफी करणे म्हणजे काय, ते पाहू. भाजलेल्या कॉफीच्या बियांच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. बाकीचा केवळ चोथा होय. पण विरघळणारे सगळेच काढून घेणे इष्ट नसते. पाणी लागताच आधी आंबट द्रव्ये व क्षार बाहेर पडतात, मग गोडसर, आणि अखेरीस कडू व तुरट. म्हणून जाणकार मंडळी सुमारे एक-पंचमांशावर थांबतात. त्याच्या आत थांबलात तर कॉफी आंबट व पुळचट, त्याच्या पुढे गेलात तर औषधासारखी कडू. नेमके कोठे थांबावयाचे हे चार गोष्टींवर ठरते: पूड किती बारीक आहे, पाणी किती गरम आहे, पाणी पुडीशी किती वेळ राहते, आणि ते किती जोराने तिच्यातून ढकलले जाते.

आता आपला घरगुती फिल्टर घ्या. वरचे भांडे बुडाशी भोके पाडलेले. त्यात पूड घालून दांडीच्या चकतीने हलकेच दाबावयाची, वरून उकळते पाणी ओतावयाचे, आणि झाकण ठेवून आपल्या कामास लागावयाचे. पाण्याला खाली ढकलणारी शक्ती कोणती? केवळ त्याचे स्वतःचे वजन. पाण्याची १० सें.मी. उंची म्हणजे हवेच्या दाबाच्या जेमतेम शंभरावा हिस्सा. एवढ्याशा दाबाने पाणी पुडीतून थेंब थेंब उतरते. त्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. दक्षिणेत पुष्कळ ठिकाणी पुडीत चिकोरी मिसळतात. ही एका झाडाची भाजलेली मुळी. ती पाण्यात कॉफीपेक्षा अधिक विरघळते आणि काढ्याला दाटपणा आणते. कायद्याने अशा मिश्रणात निदान ५१ टक्के तरी कॉफी असलीच पाहिजे, व चिकोरीचे प्रमाण पुडक्यावर छापावे लागते. पुढच्या वेळी पुडके आणाल तेव्हा जरूर वाचा.

जाता जाता एक गंमत सांगतो. धारवाड समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी १०० अंशांवर उकळत नाही. साधारण साडेसत्त्याण्णव अंशांवरच उकळते. कॉफीला ९० ते ९६ अंशांचे पाणी मानवते. तेव्हा मुंबईकराने उकळते पाणी थोडा वेळ थांबून ओतावे. धारवाडकराला तितके थांबण्याचे कारण नाही!

हा शंभरावा हिस्सा वाढविला तर काय होईल, हा प्रश्न युरोपात, विशेषतः इटलीत, फार पूर्वी विचारला गेला. तेथील कचेऱ्यांत व उपाहारगृहांत गिऱ्हाइकाला थांबावयास वेळ नव्हता. १८८४ साली तुरिन येथील आंजेलो मोरियोंदो याने वाफेच्या दाबावर चालणारे यंत्र प्रदर्शनात मांडले. १९०१ साली मिलानच्या लुइजी बेझेरा याने एका वेळी एकच पेला करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पण केवळ वाफेने दाब फार तर दीडपट-दुप्पट वाढे, आणि तो वाढवावा तसतसे पाणीही तापून कॉफी करपल्यासारखी लागे. ही अडचण अकिले गाज्जिया याने दूर केली. त्याने दाब निर्माण करण्याचे काम वाफेकडून काढून घेतले आणि ते तरफेला व स्प्रिंगला दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची यंत्रे बाजारात आली, आणि पेल्यावर प्रथमच तांबूस सोनेरी फेस दिसू लागला. १९६१ साली तरफेच्या जागी विजेचा पंप आला. ‘एस्प्रेसो’ म्हणतात ती हीच: बारीक पूड, सुमारे ९ बारचा दाब, आणि पंचवीस-तीस सेकंदांचा अवधी.

आपल्याकडे लग्नकार्यात सुस्कारे टाकणाऱ्या एका यंत्रापुढे मंडळी रांग लावून ‘एक्स्प्रेसो’ पितात, तिचा या कॉफीशी संबंध नावापुरताच. तेथे झटपट विरघळणारी पूड, साखर व दूध यांच्यात वाफ सोडून फेस काढतात. ती चवीला वाईट असते असे मी म्हणणार नाही. थंडीतल्या लग्नात तर ती फारच चांगली लागते.

एक बार म्हणजे जवळजवळ एका वातावरणाचा दाब. तेव्हा ९ बार म्हणजे किती? विजापूरचा गोलघुमट तुमच्यापैकी बहुतेकांनी सहलीत पाहिला असेल. त्याची उंची सुमारे ५१ मीटर. त्याच्या पावणेदोन पट उंच अशी पाण्याची नळी उभी केली, तर तिच्या तळाशी जो दाब असेल तो ९ बार. फिल्टरमधील दाबाच्या तुलनेत हा नऊशे पट झाला. ज्या कामास तेथे वीस मिनिटे लागतात ते येथे अर्ध्या मिनिटात का उरकते, आणि इतकी बारीक पूड असूनही पाणी अडून का बसत नाही, याचे उत्तर या आकड्यात आहे.

पण ही इटालियन यंत्रे चालविण्यास कसबी माणूस लागतो. पूड ताजी दळावी, नेमकी मोजावी, सारखी दाबावी. जरा चूक झाली की पेला बिघडला. नेस्ले कंपनीत काम करणारा एरिक फाव्र नावाचा स्विस अभियंता १९७५ च्या सुमारास रोमला गेला असता तेथील एका प्रसिद्ध कॉफीगृहातील कारागीर पाण्याबरोबर हवा कशी खेळवितो ते त्याने बारकाईने पाहिले. आणि त्या कसबी हाताचे काम कारखान्यातच उरकून एका लहानशा कॅप्सूलमध्ये बंद करता येईल का, असा विचार त्याने केला. १९७६ साली पेटंट झाले. परंतु माल विक्रीस यावयास १९८६ साल उजाडले, आणि प्रारंभी कचेऱ्यांतून तो फारसा खपलाही नाही. पुढे तो घरगुती ग्राहकांपुढे ठेवण्यात आला तेव्हाच ‘नेस्प्रेसो’चे पाय रोवले गेले. अमेरिकेत जॉन सिल्व्हन आणि त्याचा मित्र पीटर ड्रॅगोन यांनी याच हेतूने, पण निराळ्या रीतीने, ‘क्युरिग’ काढले. त्यांचे कचेऱ्यांसाठीचे यंत्र १९९८ साली बाजारात आले. कचेरीतल्या मोठ्या किटलीत सकाळपासून शिजत राहिलेल्या कॉफीचा सिल्व्हनला कंटाळा आला होता, एवढेच त्याचे मूळ. एकट्याला एक ताजा पेला हवा, ही मावशींचीच तक्रार नव्हे काय?

आता आपण त्या कॅप्सूलला कुपी म्हणू आणि यंत्राच्या आत शिरू.

मावशींच्या यंत्राची कुपी ॲल्युमिनिअमची आहे. तीत ५ ते ६ ग्रॅम पूड असते. भाजलेल्या कॉफीतून कर्बद्विप्राणिल वायू बाहेर पडत असतो आणि हवेतील प्राणवायू तिच्यातील तेलांना खवट करतो. दळल्यावर तर ही क्रिया फारच वेगाने चालते. म्हणून कुपी भरताना आतील हवा काढून तेथे नत्रवायू भरतात आणि तोंडावर पातळ पत्रा डकवून ती बंद करतात. कित्येक महिन्यांनी उघडली तरी आतील पुडीचा सुवास बव्हंशी टिकून असतो. डबा उघडताच पहिले दोन दिवस घर दरवळते आणि पंधराव्या दिवशी पूड लाकडाच्या भुशासारखी लागते, हा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला या युक्तीची किंमत कळेल.

दांडा खाली ओढला की कुपीच्या बुडात तीन पाती घुसून तीन भोके पडतात. दुसऱ्या बाजूचा पातळ पत्रा मात्र अजून शाबूत असतो. तो एका जाळीवर टेकलेला असतो, आणि त्या जाळीवर पुष्कळशी लहान लहान चौकोनी टेकाडे असतात. बटण दाबताच पंप टाकीतील थंड पाणी ओढू लागतो. हा पंप म्हणजे तारेच्या वेटोळ्यात मागेपुढे सरकणारा एक लोखंडी दट्ट्या. डायोडमुळे विजेच्या प्रत्येक आवर्तनाचा अर्धाच भाग वेटोळ्यातून जातो. त्या वेळी विद्युच्चुंबक दट्ट्याला ओढतो, आणि उरलेल्या अर्ध्या भागात स्प्रिंग त्याला परत ढकलते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणून दट्ट्याही सेकंदाला ५० हेलपाटे घालतो. यंत्राची जी गुणगुण ऐकू येते ती हीच. ज्यांचा कान तयार आहे त्यांनी तिचा स्वर पेटीवर लावून पाहावा.

पंपातून पाणी एका धातूच्या तापलेल्या ठोकळ्यात जाते. ठोकळ्यातून नागमोडी नळी फिरविलेली असते. तीतून जाता जाताच पाणी सुमारे ९० अंशांवर येते. येथे दहावीच्या मुलांनी पेन्सिल हातात घ्यावी. ४० ग्रॅम पाणी २५ अंशांवरून ९२ अंशांवर नेण्यास ४० गुणिले ६७, म्हणजे २,६८० कॅलरी उष्णता पुरते. १,२०० वॉटची तापकांडी एवढी उष्णता सुमारे ९ सेकंदांत देते; ठोकळा तापविण्याचा वेळ निराळा, तो साधारण अर्धा मिनिट. उलट लहानात लहान फिल्टरसाठी २५० ग्रॅम पाणी उकळावे लागते. त्यास १८,००० कॅलरी हव्यात, आणि गॅसची बरीचशी आच भांड्याच्या बाजूंनी निघून जाते ती हिशेबात नाही. अर्थात त्या पाण्यात तीन-चार जणांची कॉफी होते, हेही विसरता कामा नये. माणसे चार असतील तेथे फिल्टरच काटकसरीचा. माणूस एक असेल तेथे यंत्र.

तीन भोकांतून गरम पाणी कुपीत शिरते, पण बाहेर पडावयास वाट नसते. त्यामुळे आतला दाब झपाट्याने वाढतो, समोरचा पत्रा फुगतो, त्या टेकाडांवर दाबला जाऊन फाटतो, आणि असंख्य बारीक छिद्रांतून कॉफी बाहेर येऊ लागते. मला या यंत्रातील सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. दाब पुरेसा झाल्यावाचून दार उघडतच नाही, आणि दार केव्हा उघडावे हे ठरविण्यास निराळा पहारेकरी नको; पत्र्याची जाडी हाच पहारेकरी. दाबाखाली कॉफीत विरघळलेला कर्बद्विप्राणिल वायू बाहेर येताच बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो, तेलाच्या सूक्ष्म कणांत अडकतो, आणि पेल्यावर सोनेरी साय धरते. यंत्राच्या खोक्यावर १९ बार असे ठळक छापलेले होते. ती पंपाची कमाल शक्ती समजावी. प्रत्यक्ष कुपीत त्याहून बराच कमी दाब असतो.

क्युरिगची रीत साधी. तिची कुपी प्लास्टिकची, आत कागदी गाळणी. वर एक सुई व खाली एक सुई टोचून गरम पाणी थोड्याच दाबाने सोडतात. ती खरे पाहता आपल्या फिल्टरचीच चुलत बहीण. आणखी एक जात २०१४ साली निघाली. तीत कुपीच गरगर फिरते, मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत, आणि ताक घुसळताना लोणी जसे एकीकडे जाते तसे पाणी पुडीतून बाहेर फेकले जाते. कुपीच्या काठावरील रेघांची खूण वाचून यंत्र स्वतःच ठरविते की पाणी किती आणि फेऱ्या किती.

मावशींना हे सर्व सांगून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला: “मग वास आधी का येत नाही?” फिल्टरच्या घरात पेला हाती येण्याआधी पाऊण तास कॉफीचा वास येत राहतो, किंबहुना त्या वासानेच माणसे उठतात. यंत्रात सगळा सुगंध शेवटच्या क्षणापर्यंत कोंडलेला, म्हणून तो पेल्याबरोबरच येतो. हा गुण की दोष, हे ज्याचे त्याने ठरवावे. मावशींनी तो दोषात धरला. पण दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्या पुन्हा कॉफी पिऊ लागल्या, ही गोष्ट मी नमूद केली पाहिजे. त्यांच्या बोटांना संधिवात आहे. उकळते पातेले उचलताना हात कापतो. येथे उचलावयाचा तो केवळ पेला. कॉफी फेकली जात नाही, पूड सांडत नाही, आणि कालचा पेला व आजचा पेला यांत फरक नसतो. हाताच्या कसबाची जागा यंत्राने घेतली, असे ज्यांना वाईट वाटते त्यांनी हात कापू लागल्यावर पुन्हा विचार करावा.

पावसाळ्यात मात्र दोन अडचणी आल्या. एक तर वीज गेली की यंत्र मुके. घरातला छोटा इन्व्हर्टर दिवे-पंखे चालवितो, पण १,२०० वॉटचे ओझे त्याला पेलत नाही. दुसरे म्हणजे कुप्या संपल्या, आणि मागविलेले पार्सल वाटेत अडकले. तेव्हा वर्गातील दोन उत्साही विद्यार्थ्यांनी सुचविले की रिकाम्या कुप्याच पुन्हा भरून पाहू. हा प्रयोग आम्ही रविवारी सकाळी मावशींच्या स्वयंपाकघरात केला, आणि पुस्तकातील दहा पानांपेक्षा त्याने आम्हाला अधिक शिकविले.

जुन्या कुपीचा फाटका पत्रा काढला, कुपी धुऊन वाळविली, आणि बाजारातील बिनचिकोरीची फिल्टरची पूड भरून पोळ्या गुंडाळावयाचा ॲल्युमिनिअमचा कागद तोंडावर काठाभोवती दुमडून बसविला. बटण दाबले. आठ सेकंदांत पेला भरला! रंग फिक्या चहासारखा, चव आंबट, फेस नाही. पूड जाड, म्हणून पाणी मधल्या फटींतून पळाले. दाब चढलाच नाही. मुलांनी दुकानदाराकडून तीच पूड हळदीसारखी बारीक दळून आणली व कुपीत अंगठ्याने घट्ट ठासली. आता पंपाचा स्वर बदलला, तो कण्हू लागला. पेल्यात चार काळे थेंब पडले आणि उरलेले पाणी काठावरील कागदाच्या घडीतून फुटून खालच्या ताटलीत गेले. तिसऱ्या खेपेस बारीक पूड न दाबता भरली. सव्वीस सेकंद लागले, आणि कॉफी खरोखर चांगली उतरली. फक्त वरचा फेस पातळ होता. का बरे? एका मुलाने बरोबर ओळखले: पूड भाजून पुष्कळ दिवस झाले होते, वायू आधीच उडून गेला होता. त्याच दिवशी भाजलेल्या बिया दळून आणल्या तेव्हा फेसही दाट आला. अशा रीतीने सहा कुप्या, दोन ओले टॉवेल आणि एक सकाळ खर्ची घालून आम्ही दळण, दाब व ताजेपणा यांचा परस्परसंबंध सिद्ध केला. कारखान्यात हीच मोजदाद प्रत्येक कुपीसाठी अचूक होते, आणि आपण जादा पैसे देतो ते याचेच.

किती जादा? हे प्रत्येकाने स्वतः काढावे. एक किलो पुडीत साधारण १८० कुप्या होतात. तुमच्या गावी एक कुपी ज्या भावाने मिळेल त्याला १८० ने गुणा, आणि कॉफीच्या दुकानातील किलोचा भाव शेजारी लिहा. मावशींनी हा गुणाकार वहीच्या मागच्या पानावर केला, क्षणभर आकड्याकडे पाहिले आणि पान उलटले. आपल्याच कर्नाटकात देशातील सुमारे ७० टक्के कॉफी पिकते. बाबा बुडन नावाचे साधू सतराव्या शतकात अरबस्तानातील मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले व चिक्कमगळूरजवळच्या डोंगरावर त्यांनी त्या लावल्या, अशी कथा आहे. त्या डोंगरांवरून येथवर एका दिवसात येऊ शकणारी कॉफी मुलाच्या बॅगेतून झुरिकहून यावी, याचे मावशींना फार हसू येई. आता भारतातही कुप्या भरल्या जातात, हे सांगितल्यावर त्यांचे थोडे समाधान झाले.

खरा प्रश्न उरतो तो कचऱ्याचा. एका कुपीत जेमतेम एक ग्रॅम ॲल्युमिनिअम असते. पण एका पेल्यामागे एक डबी, असा हा हिशेब जगभर चालतो. हँबुर्ग शहराने २०१६ साली सरकारी पैशाने अशा कुप्या घेण्यास आपल्या कचेऱ्यांना मनाई केली. स्वतः सिल्व्हननेही आपण हे काढले याचे कधी कधी वाईट वाटते, असे २०१५ साली बोलून दाखविले. दुसरी बाजूही आहे. ॲल्युमिनिअम वितळवून पुन्हा वापरता येते, आणि त्यास खनिजापासून नवे ॲल्युमिनिअम काढण्याच्या मानाने सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. शिवाय, फेकून दिलेल्या डिकॉक्शनबरोबर मळ्यातील पाणी, खत व मजुराचे श्रम हेही मोरीत जातात, ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु वितळविण्यासाठी कुपी आधी मोकळी झाली पाहिजे. आपल्याकडे घंटागाडीवाला ओला व सुका कचरा वेगवेगळा मागतो. वापरलेली कुपी ही बाहेरून सुकी व आतून ओली! ती कोणत्या टोपलीत टाकावी? आहे तशी टाकली तर दोन्ही टोपल्या नासतात.

मावशींनी यावर आपल्या परीने उपाय केला. रोज सकाळी कॉफी झाल्यावर त्या जुन्या चमच्याने कुपीचा पत्रा खरवडतात, ओला चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत टाकतात आणि कुपी धुऊन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. या कामास दीड मिनिट लागते. कॉफी होण्यास लागतो त्याच्या तिप्पट वेळ. वर्षभरात सुमारे ४०० कुप्या जमल्या. परवा भंगारवाला आला तेव्हा त्यांनी तो डबा त्याच्यापुढे ओतला. सगळा ढीग मिळून अर्धा किलोसुद्धा भरला नाही. भंगारवाल्याने एक कुपी बोटांत धरून उजेडात फिरविली आणि विचारले, “आजी, या काय निरांजनाच्या वाट्या आहेत?”

मावशींनी तोही प्रयोग कार्तिकात करून पाहिला होता. “नाहीत रे,” त्या म्हणाल्या, “बुडाला तीन भोके आहेत. तेल राहत नाही.”